वाचक विचारतात : सहा दिवसांत विकलेली घोडी

प्रश्न : मी कोल्हापुरात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि गेली चार वर्षे 'हाउर्स' हा घोडे पाळण्याचा ऑनलाइन खेळ नियमितपणे खेळते. तीन महिन्यांपूर्वी एका जुन्या, अनुभवी खेळाडू बाईंनी आपला तबेला कमी करण्यासाठी काही घोड्या विकायला काढल्या. त्या युरोपात राहतात, याहून अधिक मला त्यांच्याविषयी माहिती नाही. मी त्यांना निरोप पाठवला की, तुमच्या वंशावळीतली एक घोडी मला माझ्या पैदाशीसाठी हवी आहे. त्यांनी ती मला राखीव विक्रीने, अवघ्या २,००० इक्वसना दिली आणि सोबत लिहिले की, हिला चांगले घर मिळाले याचा आनंद वाटतो. त्या वेळी तिला ठेवण्याचाच माझा विचार होता. पुढे त्या जातीच्या घोड्यांना मागणी वाढल्याचे दिसले, म्हणून सहाव्या दिवशी मी ती लिलावाला लावली आणि ती ६५,००० इक्वसना गेली. त्यावर बाईंचा एका ओळीचा निरोप आला : 'विकायचीच होती, तर आधी मला विचारायचे होते.' त्यांच्या ओळखीच्या तिघांनी तेव्हापासून मला घोडे विकणे बंद केले आहे. मी खेळाचा कोणताही नियम मोडलेला नाही, आणि विकत घेतलेल्या वस्तूचे काय करायचे हा माझा प्रश्न आहे, असे मला वाटते. माझी चूक झाली का? झाली असेल, तर आता काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. 'हाउर्स' हा मूळचा फ्रेंच खेळ २००५ साली सुरू झाला आणि त्याची निर्मिती करणारी कंपनी २०११ साली युबिसॉफ्टने विकत घेतली. खेळाडूने घोड्याला रोज चारापाणी करायचे, खरारा करायचा, त्याला शिकवायचे, स्पर्धांत उतरवायचे आणि पैदास करून वंश सुधारत न्यायचा, असे त्याचे स्वरूप आहे. नेहमीचे व्यवहार 'इक्वस' नावाच्या नाण्यात होतात, तर 'पास' हे दुसरे चलन खऱ्या पैशांनीही विकत घेता येते. घोडा थेट किमतीला, लिलावात किंवा एकाच खेळाडूच्या नावाने राखून विकता येतो. घोडा कितीही हातांतून गेला तरी तो कोणाच्या तबेल्यात जन्मला हे त्याच्या पानावर दिसत राहते, ही बाब या पत्रापुरती महत्त्वाची आहे. खेळातला घोडा आपल्या एका दिवसात दोन महिन्यांनी वाढतो. म्हणजे तुमच्या तबेल्यातल्या सहा दिवसांच्या मुक्कामात ती घोडी एका वर्षाने मोठी झाली. तुमच्या पत्रावरून पाहता, तिच्यात पडलेला फरक तेवढाच.

आता चुकीविषयी. स्वस्तात घेऊन महाग विकणे यात मला काहीही गैर दिसत नाही. हे आधी स्पष्ट करतो, कारण अशा खेळांत पुनर्विक्री करणाऱ्याकडे लोभी माणूस म्हणून पाहण्याची जी पद्धत पडली आहे ती मला दांभिक वाटते. ज्याला आज, आत्ता, पैशांची गरज आहे त्याचा घोडा आज, आत्ता, कोणी तरी घेतला पाहिजे. आणि ज्याला नेमका तसाच घोडा हवा आहे, पण हजारो विक्रींची पाने चाळायला सवड नाही, त्याच्यासाठी तो कोणी तरी शोधून ठेवला पाहिजे. ही दोन्ही कामे पुनर्विक्री करणारा करतो. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात अशा माणसाला 'हेडी' म्हणतात. या बाजारी घेऊन त्या बाजारी विकणे हा त्याचा धंदा, आणि तो धंदा आहे हे सर्वांना ठाऊक असते.

माझे आजोळ शहादा तालुक्यातले. त्यामुळे दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी भरणारा घोडेबाजार मी लहानपणापासून पाहिलेला आहे. सौदा उपरण्याखाली व्हायचा. दोन माणसे हात पुढे करायची, वर उपरणे पडायचे आणि आत बोटे धरून, दाबून किंमत सांगितली जायची. बाहेर उभ्या असलेल्यांना दिसत ते फक्त चेहरे. त्या बाजारात एक हेडी दर वर्षी येत असे. मामांकडून त्याने सकाळी घेतलेला घोडा दुपारी तीन दावणी पलीकडे उभा असायचा, अंगावर खरारा झालेला, आयाळ विंचरलेली, गळ्यात नवी घुंगरमाळ. मामा तिथून जाताना थांबायचे आणि हसून विचारायचे, 'काय मागतोस रे आता याचे?' आकडा ऐकून डोक्याला हात लावायचे आणि पुढे जायचे. राग नाही, रुसवा नाही, कारण त्याला विकताना मामांनी हेड्याचीच किंमत घेतलेली असायची.

एका वर्षी मात्र दुसऱ्याच एका गृहस्थांनी 'नातवाला बसायला गरीब जनावर पाहिजे' असे सांगून एक कुमैत घोडी मागितली. मामांनी उपरण्याखाली आकडा बराच खाली आणला, आणि तिला गूळ आवडतो, डाव्या बाजूने अचानक गेले की बिचकते, हेही न विचारता सांगितले. संध्याकाळी ती घोडी दलालांच्या रांगेत उभी दिसली. मामा त्या गृहस्थांना काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी हात पुढे केला तेव्हा मामांनी आपले उपरणे खांद्यावरून काढले नाही, एवढेच.

तुमच्या बाबतीत झाले आहे ते हेच. तुम्ही घोडी मागितली ती शेतकऱ्याच्या भाषेत आणि विकली ती हेड्यासारखी. २,००० इक्वस ही त्या घोडीची बाजारातली किंमत नव्हती. बाजारातली किंमत काय होती ते सहाव्या दिवशी तुम्हीच लिलावात सिद्ध केले. मधल्या ६३,००० इक्वसांतला काही भाग वाढलेल्या मागणीचा असेल, हे मान्य. परंतु मोठा भाग त्या बाईंनी 'पैदाशीसाठी हवी आहे' या तुमच्या शब्दांपोटी सोडून दिलेला होता. नाही तर राखीव विक्री करण्याचे त्यांना काही कारणच नव्हते; लिलाव त्यांनाही करता आला असता. शब्द देऊन घेतलेली सवलत तुम्ही शब्द मागे घेतल्यावर रोखीत वसूल केलीत, असे त्यांना वाटले, आणि ते वाटणे मला चुकीचे म्हणता येत नाही.

तुम्ही नियमांचा उल्लेख केला आहे, म्हणून एक गमतीची गोष्ट सांगतो. आपल्या भारतीय करार अधिनियमात, म्हणजे १८७२ च्या कायद्यात, फसवणूक कशाला म्हणावे हे कलम १७ मध्ये सांगितले आहे आणि त्याखालची पहिली तिन्ही उदाहरणे घोड्याच्या विक्रीची आहेत. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असूनही लिलावात गप्प राहिलेला विक्रेता कायद्याने फसवणूक करीत नाही, असे पहिले उदाहरण म्हणते. तिसऱ्या उदाहरणातला ग्राहक म्हणतो की, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन; त्यावर विक्रेता गप्प बसला तर ते गप्प बसणे बोलल्यासारखेच धरावे, असे कायदा सांगतो. चौथे उदाहरण घोड्याचे नाही, पण तुमच्या बाजूचे आहे : दोन व्यापाऱ्यांपैकी एकाला भाव बदलल्याची खासगी बातमी असेल, तर ती दुसऱ्याला सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. त्यामुळे मागणी वाढल्याचे तुम्हाला घोडी घेण्यापूर्वी कळले असते आणि तुम्ही ते बोलला नसता, तरी त्याबद्दल मी तुम्हाला दोष दिला नसता. बाजार ओळखणे हे कौशल्य आहे.

मात्र त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे. पाळण्याचा मुळीच इरादा नसताना दिलेले वचन ही फसवणूक होय. तुमचा इरादा घेताना खरा होता असे तुम्ही लिहिता आणि मी ते खरे मानतो. तेव्हा तुम्ही फसवणूक केली असे मी म्हणणार नाही, आणि खेळातल्या घोडीसाठी कोणी कोर्टाची पायरी चढणार नाही, हेही उघड आहे. विचार बदलण्याचा अधिकार तुम्हाला होता. पण ज्या शब्दावर सवलत मिळाली तो शब्द बदलतो आहे, हे सवलत देणाऱ्याला आधी कळवणे तुमच्याकडे लागत होते. 'माझा बेत बदलला आहे, घोडी लिलावाला लावते आहे, तुम्हाला परत हवी असल्यास सांगा,' एवढा निरोप लिहायला दोन मिनिटे लागली असती. त्या बाईंनी कदाचित 'विका' असेच उत्तर दिले असते. त्यांच्या एका ओळीच्या निरोपात त्यांनी पैशांची मागणी केलेली नाही, फक्त 'विचारायचे होते' असे म्हटले आहे, हे पुन्हा एकदा वाचून पाहा.

तुमच्यासारखे प्रश्न विचारणारे अनेकदा 'मग किती दिवस ठेवल्यावर विकलेले चालते?' असे विचारतात. दिवसांचा हिशेब मला पटत नाही. चार महिने नुसती दावणीला बांधून ठेवलेली घोडी विकली म्हणून ती पुनर्विक्री राहत नाही, असे थोडेच आहे? फरक पडतो तो तुम्ही तिच्यात काय घातले याने. या खेळात घोड्याचे 'ब्लप', म्हणजे पैदाशीच्या दृष्टीने त्याची गुणवत्ता दाखवणारा आकडा, उणे शंभरापासून अधिक शंभरापर्यंत असते आणि ते वरच्या टोकाला न्यायचे तर वय वाढू द्यावे लागते, प्रशिक्षण पुरे करावे लागते, स्पर्धा जिंकाव्या लागतात. वय वाढवणाऱ्या कोणत्याही सवलतीशिवाय घोडा दहा वर्षांचा व्हायला आपले साठ दिवस जातात. साठ दिवस रोज उठून त्याचे दाणापाणी पाहिलेल्या माणसाने तो दहापट किमतीला विकला, तर मूळ मालकालाही त्यात अभिमान वाटतो, कारण त्याच्या पानावर जन्म देणाऱ्या तबेल्याचे नाव अजून आहे. अगदी स्वस्तातले, बिननावाचे, लिलावात उघडपणे घेतलेले घोडे मात्र तुम्ही तासाभरात विकले तरी त्यात कोणाचे काही देणे लागत नाही. तिथे तुम्ही कोणाला काही सांगितलेलेच नसते.

आता काय करावे? घोडी परत मिळवण्याच्या मागे लागू नका. नव्या मालकाने पूर्ण किंमत मोजली आहे, त्याला तुमच्या दोघींच्या वादात ओढणे योग्य नाही. नफ्यातला वाटा पाठवण्याचा विचार मनात आला असेल तर तोही सोडून द्या; पैसे पुढे केले की, तुम्ही हे प्रकरण पैशांचे समजता असा अर्थ निघेल. बाईंना एक पत्र लिहा. त्यात 'नियम मोडला नाही' हे वाक्य नसावे, 'तुमचे मन दुखावले असल्यास क्षमस्व' हे सरकारी वाक्यही नसावे. पैदाशीसाठी म्हणून घेतली, बेत बदलला, तुम्हाला कळवले नाही, कळवायला हवे होते, अशी सरळ चार वाक्ये पुरेत. पुढच्या वेळी त्यांच्या वंशावळीतला एखादा घोडा तुम्हाला हवा असेल, तर तो उघड लिलावात, पूर्ण किमतीला घ्या. त्या तिघा ओळखीच्यांना वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. ते तुमच्या पत्रावरून आपले मत बनवणार नाहीत, तुमच्या पुढच्या दोन-चार व्यवहारांवरून बनवतील.

आणि पुनर्विक्री तुम्हाला जमते आहे असे वाटत असेल, तर तुमच्या पानावर तसे लिहूनच टाका : 'मी घोडे घेऊन पुन्हा विकते.' काही जण तुम्हाला विकणार नाहीत. बाकीचे हेड्याची किंमत लावून विकतील, आणि दुपारी तुमच्या दावणीवरून जाताना हसून भाव विचारतील.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. आमच्या इमारतीतली पाच-सहा मुले घोड्यांचा एक ऑनलाइन खेळ एकत्र खेळतात. त्यांतल्या चौथीतल्या एका मुलाला 'हा रंग कामाचा नाही, कोणी घेणार नाही' असे सांगून माझ्या मुलाने त्याचा घोडा किरकोळ किमतीला घेतला आणि त्याच आठवड्यात तो दुर्मीळ रंगाचा म्हणून दुसऱ्या कोणाला भारी किमतीला विकला. त्या लहान मुलाच्या आई माझ्याकडे आल्या होत्या. माझे यजमान म्हणतात की, मुलगा हुशार आहे, व्यवहार शिकतो आहे. मला ते पटत नाही.
— एक आई, ठाणे

उत्तर : तुमचे बरोबर आहे, आणि येथे 'परंतु' जोडायला मला काही सापडत नाही. वरच्या पत्रातल्या ताईंनी खोटे सांगितले नव्हते. तुमच्या मुलाने सांगितले. ज्या कलमाचा मी वर उल्लेख केला त्याचे दुसरे उदाहरण मुद्दाम मागे ठेवले होते. त्यात घोडा घेणारी व्यक्ती ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, आणि कायदा म्हणतो की, अशा नात्यात गप्प राहणेसुद्धा चालणार नाही, खोड सांगितलीच पाहिजे. एकाच इमारतीतला नववीतला मुलगा आणि चौथीतला मुलगा यांचे नाते त्याच जातीचे आहे. धाकटा थोरल्याला किंमत विचारतो तेव्हा तो व्यापाऱ्याला विचारत नसतो, दादाला विचारत असतो. यजमानांना हेही सांगायला हरकत नाही की, अल्पवयीन मुलाने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे त्या वेळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हणजे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात ठरवून दिले आहे. तेव्हा व्यवहार शिकवायचाच असेल तर सुरुवात तिथून करता येईल.

मूळ घोडा आता मिळणार नाही. तुमच्या मुलाने स्वतः त्या घरी जावे, तुम्ही सोबत गेलात तरी बोलावे त्याने, आणि विकून आलेल्या पूर्ण किमतीत बसेल असा घोडा त्या लहान मुलाला निवडू द्यावा. नुसता 'सॉरी' चालणार नाही. निवडताना तुमच्या मुलाने त्याच्या शेजारी बसून कोणता रंग दुर्मीळ असतो, वंशावळ कुठे पाहायची, हे त्याला दाखवावे. या वयात मोठ्या मुलाला ते करायला लाज वाटेल, पण चौथीतल्या मुलाला बहुधा घोड्यापेक्षा तोच अर्धा तास आवडेल.

प्रश्न : खेळातले माझे दोन घोडे घेण्यासाठी एक जण यूपीआयने खरे पैसे द्यायला तयार आहे. त्यात गैर काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खाते उघडताना तुम्ही ज्या अटींवर 'मान्य' म्हणून बोट ठेवले त्या उघडून वाचा. खेळाबाहेर खऱ्या पैशांत विक्री करण्यास अशा बहुतेक खेळांत मनाई असते आणि खाते बंद होऊ शकते, घेणाऱ्याचेही. शिवाय पैसे आधी की घोडा आधी, या प्रश्नाचे सुरक्षित उत्तर अनोळखी माणसाच्या बाबतीत सापडत नाही. खेळात राखीव विक्री ही सोय आहे ती यासाठीच, की दोन्ही गोष्टी एकाच वेळी हात बदलतात. नकार द्या.

प्रश्न : मी डब्लिनमध्ये राहतो. माझ्या मुलीने आणि मी मिळून 'हाउर्स'मध्ये अनेक पिढ्यांची पैदास केली आहे. आम्ही विकलेले घोडे लगेच दुसरीकडे दुप्पट किमतीला दिसले की ती फार हिरमुसते. 'पुन्हा विकू नये' अशी अट घालता येईल का?
— एक वाचक, डब्लिन

उत्तर : अट घालता येईल, पण ती विक्रीच्या आधी, लिहून आणि घेणाऱ्याकडून 'हो' आल्यावरच. घोडा हातातून गेल्यानंतर पाठवलेल्या अटीला कोणी बांधील नसतो, आणि त्यावरून रागावणे म्हणजे न घेतलेला इसार मागण्यासारखे आहे. 'कधीही विकू नये' ही अट मात्र मी सुचवणार नाही. लोक खेळ सोडतात, तबेले रिकामे करतात, त्यांना कायमचे बांधून ठेवणे बरे नव्हे. 'विकायचा झाल्यास आधी आम्हाला, घेतल्या किमतीला विचारावा' ही अट वाजवी आहे आणि बहुतेक जण ती पाळतात.

दुप्पट किमतीचे म्हणाल, तर तो बहुधा तुमच्याच किमतीचा दोष असावा. तुम्ही सातत्याने बाजारापेक्षा कमी भाव लावत असाल, तर घेणाऱ्यांत हेडीच अधिक येणार. एक-दोन घोडे लिलावाला लावून पाहा, म्हणजे तुमच्या पैदाशीला लोक काय द्यायला तयार आहेत ते कळेल. ओळखीच्या कोणाला स्वस्तात द्यायचा असेल तेव्हा 'ही किंमत तुमच्यासाठी आहे, बाजारासाठी नाही' असे त्याच निरोपात लिहा. आणि जी घोडी दुसऱ्याच्या दावणीला दिसली तर मुलीला रडू येईल, तिचे नाव तिलाच विचारा आणि ती एक विक्रीला काढू नका.